खरेदी म्हणजे मतदान नव्हे

वॉलमार्टसारख्या अवाढव्य सवलतीच्या दुकानांवर कोणी टीका करू लागले की एक उत्तर ठरलेले असते. लोकांना ती दुकाने नको असती तर लोक तिथे गेलेच नसते. गिऱ्हाइकाला कोणी हाताला धरून आत नेत नाही. गावातले जुने दुकान बंद पडले असेल, तर ते गावकऱ्यांनीच आपल्या पैशाने बंद पाडले; मग आता गळा काढण्यात काय अर्थ? हे उत्तर बिनतोड वाटते, कारण त्यात गिऱ्हाइकाच्या स्वातंत्र्याचा मान राखल्यासारखे दिसते. मला मात्र ते मुळातच चुकीचे वाटते. गेली साठ वर्षे अमेरिकेत या दुकानांवर जो वाद चालू आहे, तो याच उत्तरापाशी येऊन अडतो.

आधी या दुकानांच्या बाजूने जे खरे आहे ते मान्य करू. सॅम वॉल्टन यांनी २ जुलै १९६२ रोजी आर्कान्सा राज्यातल्या रॉजर्स या गावात पहिले वॉलमार्ट उघडले. त्याच वर्षी मिशिगनमध्ये केमार्ट आणि मिनेसोटात टार्गेट सुरू झाले. तिघांचे गणित एकच होते: एका वस्तूमागे नफा थोडा ठेवायचा आणि विक्री प्रचंड वाढवायची. फरक होता तो जागेचा. बाकीच्यांनी मोठ्या शहरांच्या आसपास जागा धरल्या, तर वॉल्टन पाच-दहा हजार वस्तीच्या गावांत गेले. तिथे धंदा होईल असे कोणत्याच मोठ्या कंपनीला वाटत नव्हते. त्या गावांतल्या दुकानांत सगळे छान चालले होते, असे चित्र आज रंगवले जाते, ते मला पटत नाही. माल मोजका असे, भाव चढे असत आणि दुसरे दुकान गाठायचे तर तासभर गाडी चालवावी लागे. वॉल्टन यांनी त्या गिऱ्हाइकाची दखल घेतली, हे त्यांचे खरे श्रेय.

पुढच्या काळात किराणाही याच दुकानांत आला आणि बचत आणखी वाढली. जेरी हाउसमन आणि एफ्राइम लाइबटॅग या अर्थशास्त्रज्ञांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अशा महादुकानांत त्याच खाद्यवस्तू नेहमीच्या सुपरमार्केटपेक्षा १५ ते २५ टक्के कमी भावाने मिळतात असे दाखवले. ज्या घराच्या मिळकतीतला मोठा हिस्सा पोट भरण्यातच जातो, त्या घरासाठी ही रक्कम लहान नाही. २००६ साली वॉलमार्टने फ्लोरिडातल्या टँपापासून सुरुवात करून अनेक जेनेरिक औषधे महिन्याला चार डॉलरला द्यायला सुरुवात केली. विमा नसलेल्या रुग्णांना त्याचा थेट उपयोग झाला. २००५ च्या कतरिना वादळात केंद्र सरकारची मदत अडखळत होती, तेव्हा याच कंपनीचे पाण्याने भरलेले ट्रक काही ठिकाणी आधी पोचले. महिनाअखेरीची चिंता ज्याला कधी पडली नाही, त्याने गरीब घरातल्या बाईला ‘तू स्वस्त दुकानात जाऊ नकोस’ असे सांगू नये. या लेखात मी तसे कुठेही सांगणार नाही.

आता ही स्वस्ताई येते कुठून ते पाहू. तिचे दोन झरे आहेत आणि ते वेगळे ओळखता आले नाहीत तर पुढचा सगळा विचार गढूळ होतो.

पहिला झरा हुशारीचा. वॉलमार्टने आधी गोदाम बांधायचे आणि मग त्या गोदामापासून ट्रकला एका दिवसात जाऊन येता येईल अशा अंतरात एकेक दुकान उघडायचे, अशी शिस्त पाळली. नकाशावर त्यांची दुकाने आर्कान्सातून बाहेर हळूहळू पसरत गेलेली दिसतात. बारकोड, संगणकीकृत साठा, १९८७ साली पुरे झालेले स्वतःचे उपग्रह-संपर्क जाळे यांमुळे कोणत्या दुकानात कोणती वस्तू किती खपली हे मुख्यालयाला लगेच कळू लागले. माल पडून राहीना, वाहतुकीचा खर्च घटला. यातून वाचलेला पैसा खरोखर वाचलेला आहे. तो कोणाच्या खिशातून काढलेला नाही. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

दुसरा झरा वजनाचा. अमेरिकेत किराण्यावर खर्च होणाऱ्या दर चार-पाच डॉलरपैकी एक डॉलर ज्या कंपनीच्या गल्ल्यात पडतो, ती कंपनी पुरवठादाराशी बोलते तेव्हा ती बरोबरीच्या दोघांची घासाघीस नसते. व्लासिक या लोणच्याच्या कंपनीचा किस्सा अमेरिकी उद्योगजगतात प्रसिद्ध आहे. वॉलमार्टने तिच्या काकडीच्या लोणच्याची गॅलनभराची बरणी २.९७ डॉलरला विकायला ठेवली. बरण्या धडाधड खपल्या. पण इतक्या स्वस्त बरणीमुळे छोट्या बाटल्यांचा खप खाली आला. नफा तर खरा छोट्या बाटल्यांतच होता. कंपनीला भाव वाढवून हवा होता. तो मिळायला फार वेळ लागला. व्लासिकने २००१ साली दिवाळखोरीचा अर्ज केला. तिच्यावर कर्जाचाही बोजा होता, त्यामुळे सगळे खापर त्या बरणीवर फोडणे चूक ठरेल. पण एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणता न येणे म्हणजे काय, हे त्यातून नीट कळते.

पुरवठादार मग ती कसर कुठे भरून काढतो? काही वेळा मालाच्या दर्जात, काही वेळा कारखाना परदेशात हलवून, आणि बऱ्याचदा छोट्या दुकानदाराला चढा भाव लावून. या शेवटच्या गोष्टीकडे गिऱ्हाइकाचे लक्ष जात नाही. कोपऱ्यावरचा दुकानदार महाग विकतो तेव्हा तो आळशी किंवा लोभी आहे असे वाटते. प्रत्यक्षात त्याला तो माल घाऊक भावातच महाग पडलेला असतो. अमेरिकेत हे ओळखून १९३६ साली रॉबिन्सन-पॅटमन कायदा झाला. त्या वेळचा बलाढ्य विक्रेता होता ए अँड पी ही किराणा दुकानांची साखळी. एकाच प्रकारचा माल घेणाऱ्या दोन दुकानदारांना, खर्चात खरा फरक नसताना, वेगवेगळे भाव लावायचे नाहीत, असे तो कायदा सांगतो. कायदा आजही पुस्तकात आहे. पण १९८० च्या दशकापासून सरकारने त्याची अंमलबजावणी जवळजवळ सोडून दिली. नेमक्या त्याच काळात ही साखळी दुकाने देशभर पसरली. हा निव्वळ योगायोग आहे असे मला वाटत नाही. जानेवारी २०२५ मध्ये बाजारातल्या स्पर्धेवर नजर ठेवणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने एका बड्या विक्रेत्याला झुकते माप दिल्याच्या आरोपावरून पेप्सिकोविरुद्ध या कायद्याखाली दावा लावला, आणि सरकार बदलल्यावर मे महिन्यात तो मागेही घेतला.

म्हणजे ज्या स्पर्धेत गावातले दुकान हरले, तिचे काही नियम कायद्याने घालून दिलेले होते आणि ते पाळायला लावणारा कोणी उरला नव्हता. ‘लोकांनी निवडले’ असे म्हणण्याआधी ही गोष्ट हिशेबात धरायला हवी.

गावाचे पुढे काय होते? यावर अमेरिकेत भरपूर अभ्यास झाला आहे आणि त्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीतले केनेथ स्टोन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून आयोवातल्या गावांची विक्री वर्षानुवर्षे तपासली. ज्या गावात वॉलमार्ट आले, त्या गावाची एकूण विक्री वाढली. बाहेरून लोक येऊ लागल्याने तिथल्या खानावळी आणि फर्निचरच्या दुकानांचेही थोडे भले झाले. वॉलमार्टमध्ये जो माल मिळत होता तोच विकणारे मात्र मार खाऊन गेले. आणि सगळ्यांत जास्त झळ बसली ती आजूबाजूच्या छोट्या गावांना. त्यांच्याकडे वॉलमार्ट आले नाही, त्याचा करही आला नाही, नोकऱ्याही आल्या नाहीत. फक्त गिऱ्हाईक निघून गेले. ज्या गावाने परवानगी दिली त्याच्याहून ज्याला कोणी विचारलेच नाही त्याचे नुकसान मोठे, ही बाब मला या सगळ्या आकडेवारीत सर्वांत महत्त्वाची वाटते.

नोकऱ्यांबाबत एमेक बास्कर या अर्थशास्त्रज्ञांना २००५ साली असे दिसले की नवे वॉलमार्ट उघडते त्या वर्षी काउंटीत (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागात) किरकोळ विक्रीतल्या सुमारे शंभर नोकऱ्या वाढतात आणि पुढच्या पाच वर्षांत त्यांतल्या निम्म्या, इतर दुकाने बंद पडत किंवा आक्रसत गेल्याने, नाहीशा होतात. डेव्हिड न्यूमार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन वर्षांनी वेगळ्या पद्धतीने हिशेब मांडला, तेव्हा वॉलमार्टमधल्या एका नोकरीमागे किरकोळ क्षेत्रातल्या सुमारे १.४ नोकऱ्या जातात असे उत्तर आले. दोन्ही अभ्यास गंभीर माणसांचे आहेत. मी त्यांतून एवढेच घेतो की उद्घाटनाच्या दिवशी फलकावर लिहिलेला नोकऱ्यांचा आकडा हा गावाच्या खात्यात निव्वळ जमा झालेला आकडा नसतो.

नोकरी कसली हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. २०२० साली अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने सरकारी अन्नसाहाय्य आणि मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) घेणारे कामकरी लोक कुठे काम करतात याचा अहवाल दिला. ज्या राज्यांची माहिती मिळाली, त्यांत अशा लोकांना कामावर ठेवणाऱ्या सर्वांत मोठ्या मालकांमध्ये वॉलमार्टचे नाव सतत वर होते. त्याच अहवालानुसार या योजनांचा लाभ घेणाऱ्या कमावत्या प्रौढांपैकी सुमारे ७० टक्के लोक आठवड्याला पूर्ण वेळ काम करत होते. पूर्ण वेळ राबणाऱ्या माणसाला जेवायला सरकारची मदत लागते, याचा अर्थ त्याच्या पगाराचा एक भाग करदाता भरतो. गल्ल्यावर वाचवलेल्या पैशांतला काही वाटा असा मागच्या दाराने परत जातो. कोणी म्हणेल, छोटा दुकानदार तरी कुठे मोठा पगार देतो? बरोबर आहे. तोही देत नाही, विमा तर बहुधा नाहीच. पण त्याच्या हातात अख्ख्या काउंटीतल्या पगाराची पातळी ठरवण्याची ताकद नसते. ज्या गावात नोकरी देणारे दोन-तीनच उरतात, तिथे त्यांतला सगळ्यात मोठा जो पगार ठरवेल तोच बाजारभाव होतो.

आणि कामगार एकत्र येऊन बोलू लागले तर? टेक्सासमधल्या जॅक्सनव्हिलच्या वॉलमार्टमध्ये मांस कापणाऱ्या कामगारांनी फेब्रुवारी २००० मध्ये युनियनच्या बाजूने मत दिले. काही दिवसांतच कंपनीने जाहीर केले की अनेक दुकानांत यापुढे आधीच कापून बांधलेले मांस आणले जाईल. हा निर्णय आधीच ठरला होता, असे कंपनी म्हणाली. कॅनडातल्या झाँकिएरच्या दुकानात २००४ साली युनियनला मान्यता मिळाली आणि एप्रिल २००५ मध्ये ते दुकानच बंद झाले. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते बंद करणे क्वेबेकच्या कामगार कायद्याचा भंग होता असा निकाल दिला, पण तोवर २०१४ साल उजाडले होते.

इथे ‘पगार वाढवला तर भाव वाढणारच’ असे सांगितले जाते. कॉस्टको ही दुसरी साखळी त्याचे चालतेबोलते उत्तर आहे. तिथेही भाव कमी आहेत, मालावर चढवलेला नफा साधारण १५ टक्क्यांच्या पुढे जाऊ देत नाहीत, आणि तरी पगार या क्षेत्रातल्या चांगल्यांपैकी आहेत. वॉलमार्टच्या महादुकानात लाखाहून अधिक प्रकारचा माल असतो, कॉस्टकोत सुमारे चार हजार. सभासदत्वाची फी घेतात. आणि गिऱ्हाईक तुलनेने सुस्थितीतले असते. म्हणून ती पद्धत जशीच्या तशी सगळीकडे लागू होईल असे नाही. पण स्वस्त माल आणि कंगाल कामगार यांची गाठ निसर्गाने मारलेली नाही, एवढे त्यातून सिद्ध होते.

आता मूळ उत्तराकडे येतो. लोकांनी निवडले म्हणजे नेमके काय निवडले?

एका शनिवारी एक बाई साबण, दूध आणि मुलाचे बूट घ्यायला महादुकानात जाते. तिच्यापुढे प्रश्न एवढाच असतो की हे बूट इथून घ्यावेत की तिथून. इथे ते स्वस्त आहेत, ती इथून घेते. अगदी बरोबर करते. गावातले बुटांचे दुकान राहावे की जावे हा प्रश्न तिला कोणी विचारलेला नसतो. विचारला असता तर कदाचित ती म्हणाली असती, राहू दे, वर्षाला थोडे जास्त पडले तरी चालतील. पण तिने एकटीने जास्त पैसे देऊन ते दुकान वाचणार नसते आणि तिने एकटीने पैसे वाचवून ते बुडणारही नसते. तिच्या हातात असलेल्या निर्णयाचा आणि गावाच्या नशिबाचा असा थेट संबंध जोडताच येत नाही. हजारो शहाणे, काटकसरी, निर्दोष निर्णय एकत्र होऊन असा परिणाम घडतो, जो त्यांतल्या कोणीही मागितलेला नसतो.

आणखी एक गोष्ट. मतदानात बहुमत लागते. दुकान बंद पाडायला बहुमत लागत नाही. किराणा विक्रीत निव्वळ नफा शंभर डॉलरमागे एक-दोन डॉलर असतो. भाडे, वीज, पगार हे खर्च मात्र गिऱ्हाईक कमी झाले म्हणून कमी होत नाहीत. अशा दुकानाचे पाचातले एक गिऱ्हाईक गेले तरी ते तोट्यात जाते आणि काही महिन्यांत दाराला कुलूप लागते. उरलेली चार गिऱ्हाइके तिथेच येत होती, त्यांना ते दुकान हवे होते. त्यांतल्या काहींकडे गाडी नसते, काही म्हातारे असतात, त्यांना चालत जाण्याजोगे तेवढेच एक दुकान असते. त्यांचे मत कुठे मोजले गेले? ज्या निवडणुकीत पाचातला एक जिंकतो आणि चार हरतात, तिला लोकांचा कौल म्हणणे मला मान्य नाही.

हे हरलेले चौघे मग कुठे जातात, ते नॉर्थ कॅरोलायनातल्या ओरिएंटल या समुद्रकाठच्या गावात दिसले. वस्ती सुमारे ९००. तिथे २०१४ साली वॉलमार्ट एक्सप्रेस नावाचे छोटे दुकान उघडले. चाळीसहून अधिक वर्षे चाललेले गावातले किराणा दुकान २०१५ च्या अखेरीला बंद पडले. जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने जगभरातली २६९ दुकाने बंद करायची घोषणा केली. त्यांत अमेरिकेतली १५४ होती आणि त्यांत एक्सप्रेसचा सगळा प्रयोगच गुंडाळला गेला. ओरिएंटलचे दुकानही गेले. दोन वर्षांपूर्वी ज्या गावात एक किराणा दुकान होते, तिथे आता एकही नव्हते. कंपनीच्या हिशेबात ती एक फसलेली चाचणी होती आणि तोटा सोसून ती बाजूला झाली. गावाला असे बाजूला होता येत नाही.

त्याच घोषणेत वेस्ट व्हर्जिनियातल्या मॅकडॉवेल काउंटीचे महादुकानही होते. कोळशाच्या खाणी ओस पडल्या तशी ही काउंटी रिकामी होत गेली. १९५० साली तिथे जवळजवळ एक लाख लोक राहत होते. २०२० च्या जनगणनेत वीस हजारसुद्धा भरले नाहीत. जेमतेम दशकभर चाललेले दुकान गेले, त्याबरोबर शंभराहून अधिक नोकऱ्या गेल्या. ज्या दुकानाने इतरांना जगू दिले नाही, असा ज्याच्यावर आरोप होता, त्याच्याच जाण्याने लोक हवालदिल झाले. यात विसंगती नाही. एकाच आधारावर सगळा भार टाकल्यावर असेच व्हायचे.

गेल्यावर मागे राहते ती इमारत. चहूबाजूंनी गाड्यांच्या जागा असलेली एवढी मोठी बिनखिडक्यांची इमारत दुसऱ्या कशाला फारशी उपयोगी पडत नाही, आणि काही कंपन्या विकताना कागदोपत्रीच अट घालतात की इथे प्रतिस्पर्धी दुकान काढायचे नाही. इतकेच नाही. चालू, भरभराटीत असलेल्या दुकानांचा मालमत्ता करही रिकाम्या पडलेल्या इमारतींच्या किमतीवर लावावा, असा युक्तिवाद बड्या साखळ्या करतात. मिशिगनमधल्या मार्केट (Marquette) नावाच्या भागात लोवेज या कंपनीने असा दावा जिंकला. स्थानिक संस्थांना आधी घेतलेला कर परत करावा लागला आणि त्याची झळ सार्वजनिक ग्रंथालयापर्यंत पोचली. दुकान यावे म्हणून रस्ता गावाने रुंद केलेला असतो, पाणी-ड्रेनेज गावाने दिलेले असते, चोरी झाली की पोलीसही गावाचेच येतात. मग कराच्या वेळी ही इमारत रिकामी समजा, हे म्हणणे संतापजनक आहे. न्यायालयाने मान्य केले म्हणून ते न्याय्य ठरत नाही.

अलीकडे या सगळ्याला डॉलर स्टोअरची, म्हणजे अगदी कमी किमतीच्या वस्तू विकणाऱ्या छोट्या दुकानांची, जोड मिळाली आहे. डॉलर जनरलची एकट्याची वीस हजारांवर दुकाने आहेत. वॉलमार्टने सोडलेल्या किंवा वॉलमार्टलाही परवडत नाहीत अशा वस्त्यांत ती उभी राहतात. इथे तर स्वस्ताईसुद्धा पुष्कळदा वरवरची असते. पुडा लहान, म्हणून त्यावरचा आकडा लहान. वजनामागे हिशेब केला तर तोच माल महाग. ज्याच्या हातात आज पाच डॉलरच आहेत तो मोठा पुडा घेऊच शकत नाही आणि ही अडचण हेच या धंद्याचे भांडवल आहे. ताज्या भाज्या-फळे बहुतेक दुकानांत नसतात, असलीच तर मोजकी. ओक्लाहोमातल्या टल्सा शहराने २०१८ साली उत्तर भागात अशा दोन दुकानांमध्ये किमान एक मैल अंतर असले पाहिजे असा नियम केला, कारण ती दाटीवाटीने उभी राहिली की पूर्ण किराणा दुकान तिथे यायलाच तयार होत नाही. हा नियम म्हणजे गिऱ्हाइकाच्या स्वातंत्र्यावर घाला, असे तेव्हाही म्हटले गेले. ज्या वस्तीत ताजी भाजी मिळतच नाही, तिथल्या गिऱ्हाइकाचे कोणते स्वातंत्र्य आपण राखत होतो?

कोणी म्हणेल, आता हा वादच जुना झाला, लोक घरबसल्या ऑनलाइन मागवतात. पण पुरवठादारावरचे वजन, गोदामातल्या कामगाराचा पगार, गावाबाहेर जाणारा पैसा हे प्रश्न तिथे जसेच्या तसे आहेत, फक्त इमारत दिसेनाशी झाली आहे.

मग करायचे काय? दुकानदारांना सरकारी कुंपण घालून जपावे असे मी म्हणत नाही. अमेरिकेने तेही करून पाहिले आहे. १९३० च्या दशकात अनेक राज्यांनी साखळी दुकानांवर जास्तीचा कर लावला. उत्पादकाने ठरवलेल्या भावाखाली कोणी विकायचे नाही, अशी सोय १९३७ च्या मिलर-टायडिंग्ज कायद्याने केली आणि १९७५ साली ती रद्द करावी लागली, कारण तिचा भुर्दंड गिऱ्हाइकालाच पडत होता. भाव वर ठेवून दुकान वाचवणे हा उपाय नव्हे. कार्यक्षमतेतून आलेली स्वस्ताई गिऱ्हाइकाची आहे, ती त्याच्याकडून काढून घ्यायची नाही. वजनातून आलेली स्वस्ताई मात्र दुसऱ्या कोणाच्या तरी खिशातून आलेली आहे आणि तिच्यावर बंधन हवे. सर्व दुकानदारांना मालाचा भाव सारखा मिळावा, यासाठी १९३६ चा कायदा नुसता अमलात आणला तरी पुष्कळ फरक पडेल. पूर्ण वेळ काम करणाऱ्याला सरकारी अन्नसाहाय्य लागू नये इतके किमान वेतन हवे. केंद्राचे किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरवर अडकून आहे, ही त्या देशाला शोभणारी गोष्ट नाही.

आणि गावाला विचारले गेले पाहिजे. दुकान येण्याआधी, उघडपणे, आकडे समोर ठेवून. मेन राज्याने २००७ साली मोठ्या दुकानांना परवानगी देण्याआधी त्यांच्या आर्थिक परिणामांचा स्वतंत्र अभ्यास सक्तीचा केला होता. व्हर्माँटने १९७० पासून मोठ्या बांधकामांना आजूबाजूच्या परिसरावरचा परिणाम तपासूनच परवानगी देण्याचा कायदा ठेवला. वॉलमार्ट तिथे पोचले ते १९९५ साली, इतर सगळ्या राज्यांनंतर, आणि बेनिंग्टनमध्ये तसेच नंतर रटलंडमध्ये त्याला गावाबाहेरच्या शेतात नवी इमारत न बांधता आधीच उभ्या असलेल्या जागेत दुकान थाटावे लागले. व्हर्माँटचे लोक स्वस्त मालाला मुकले नाहीत. दुकान कुठे आणि केवढे असावे यात मात्र त्यांचे म्हणणे चालले. अशाच परवानगीत निघून जाण्याच्या अटीही घालता येतील: इमारत रिकामी राहिली तर ती पाडण्याचा खर्च कंपनीने आधीच ठेव म्हणून भरावा आणि पुढच्या मालकाला किराणा विकायची बंदी घालू नये.

न्यूयॉर्क राज्यातल्या सॅरनॅक लेक गावाने वेगळा मार्ग काढला. २००२ साली गावातले एम्स हे सवलतीचे दुकान बंद पडले; कपडे घ्यायचे तर लांबचे गाव गाठावे लागे. वॉलमार्टने येण्याची तयारी दाखवली तेव्हा गावात दोन तट पडले. शेवटी लोकांनी शंभर डॉलरचा एक असे समभाग विकून पाच लाख डॉलर उभे केले आणि २०११ साली स्वतःच्या मालकीचे दुकान उघडले. हे सगळ्या गावांना जमेल असे नाही. वेळ, पैसा आणि चिकाटी असलेली माणसे प्रत्येक ठिकाणी मिळत नाहीत. पण आपल्याला बाजारात काय हवे हे गाव एकत्र बसून ठरवू शकते, हे तिथे दिसले.

कॅलिफोर्नियातल्या इंगलवूडमध्ये एप्रिल २००४ मध्ये हा प्रश्न थेट मतपेटीत गेला. वस्ती मुख्यतः कृष्णवर्णीय आणि लॅटिनो कष्टकऱ्यांची. वॉलमार्टने स्वतःच जनमत मागितले होते, कारण तिला पर्यावरण तपासणी आणि जाहीर सुनावणी टाळून बांधकाम करायचे होते. प्रचारावर भरपूर पैसा खर्च केला. स्वस्त मालाची गरज असलेल्या त्या मतदारांनी साठ टक्क्यांहून अधिक मतांनी नकार दिला. पुढच्याच वर्षी ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफमध्ये उलटे झाले: महादुकानांवर मर्यादा घालणारा नगरपरिषदेचा नियम मतदारांनी थोडक्या फरकाने फेटाळला. मी तिथे असतो तर वेगळे मत दिले असते. तरीही फ्लॅगस्टाफचा निकाल मी मानतो, कारण तिथे गिऱ्हाइकाला नागरिक म्हणून विचारले गेले, दोन्ही बाजू त्याच्यापुढे मांडल्या गेल्या आणि ज्याच्याकडे गाडी नाही त्याचेही एक मत मोजले गेले.